असतील तिथून

मोखोटलाँगच्या दवाखान्यात रात्री हीटर बंद करतात.
मी स्लाइड जाळावरून फिरवते, लाल रंग ओतते,
मग आम्लाने सगळं पुसते.
जे पुसलं जात नाही, तेच आम्ही शोधतो:
निळ्या अंगणात सांडलेल्या लाल काड्या.
शंभर क्षेत्रं तपासायची, असा नियम आहे.
सेखोबेंच्या बेडक्यात तिसऱ्यालाच कळलं होतं.
तरी शंभर पाहिली.

पहाटे अभ्यास. कोर्स टपालाने येतो,
मासेरूच्या बाई लाल शाईत लिहितात:
"बाण उलटा, पुसेलेत्सो.
इलेक्ट्रॉन असतील तिथून
नसतील तिथे जातात. कधीच उलट नाही."
खाली भोपळा, चांगला गरगरीत.

पण आमचे पुरुष तर उलटेच गेले की, बाई.
काही नव्हतं तिथून, सोनं होतं तिथे.
सेखोबे सत्तावीस वर्षं खाणीत, दोन किलोमीटर खोल.
सोनं वर आलं, कुणाकुणाकडे गेलं;
ते घरी आले एक ब्लँकेट, एक ट्रंक
आणि छातीत दगडाचं पीठ घेऊन.

गोळ्या घ्यायला येतात तेव्हा
माझ्या वहीकडे हनुवटी उडवून विचारतात,
"आउसी, एवढे बाण कुणावर सोडतेस?"

मी सांगते: न्ताते, ही पांढरी गोळी
तशी कुणाच्या अध्यात ना मध्यात.
जंतूच तिला आत घेतो.
त्याचंच एक विकर
तिचं नायट्रोजनचं शेपूट तोडतं,
आणि उरतो एक इलेक्ट्रॉन, एकटा, जोडीदाराशिवाय.
त्याच्यासाठी बाणसुद्धा अर्ध्या टोकाचा काढायचा,
माशाच्या गळासारखा.
तो गळ अडकतो जिथे जंतूचं मेण बनतं तिथे.
मेणाचा कोट विणायचा राहतो.
मग थंडीत उघडा पडलेला कोण किती टिकणार?

"म्हणजे घरचाच भेदी!"
ते हसले.
हसण्याचा खोकला व्हायला
श्वासभरही वेळ लागला नाही.

दोन महिने झाले. काड्या तेवढ्याच लाल.
मासेरूहून अहवाल आला, एका ओळीचा:
जागा तीनशे पंधरा. सेरीनऐवजी थ्रिओनीन.

वही मागे उलटली, दोन्ही शेजारी शेजारी काढली.
फरक एका मेथिलचा.
एक कार्बन, तीन हायड्रोजन.
एवढंसं काहीतरी चौकटीत वाढलं
आणि दार अरुंद झालं.
भेदी घरातच आहे, दिवा लावून बसलाय,
पण गोळीला त्याच्यापर्यंत वळता येत नाही.

हे मी त्यांना सांगितलं नाही.
सांगितलं एवढंच: औषध बदलतंय,
पुन्हा पहिल्यापासून, सहा महिने.
त्यांनी टोपी काढली, आत बघितलं, पुन्हा घातली.
दुसऱ्या दिवशी त्यांच्या बायकोला, 'मामोलिएहींना, बोलावलं,
नातवालाही. तपासणीसाठी.
तट्टावरून चार तास, गारांतून.
पोराने डबीत थुंकताना
माझ्याकडे असं पाहिलं, जणू शिक्षा चाललीय.

परीक्षेत नेमकी तीच गोळी आली.
सगळे बाण काढले, अर्धे आणि पूर्ण,
मग समासात ते मेथिल काढून लिहिलं: येथे वाट बंद.
बाईंचा शेरा: "बरोबर. पण हे विचारलं नव्हतं."
अर्धा गुण कापला.

आज पाचवा महिना. स्लाइड निळी.
दहा क्षेत्रं निळी, चाळीस निळी,
ऐंशीव्याला वाटलं काहीतरी, तो रंगाचा डाग निघाला.
शंभर निळी. मी पुन्हा पहिल्यापासून पाहिली.

"तुझ्या बाणांनी मेले का?"
"नाही, न्ताते. तुम्ही गिळलेल्या हजारभर गोळ्यांनी."
"हजार सत्तेचाळीस," ते म्हणाले. "मी मोजल्यात."

आणि उठले, चढ चढायला लागले,
दर दहा पावलांवर थांबत.
दगडाचं पीठ अजून आतच आहे.
त्याचा बाण कुठून कुठे काढायचा
हे टपालाने आलेल्या कुठल्याच पाठात नाही.